नर्सिंगच्या मुलींना 'हॅव' कसं शिकवावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करणाऱ्या मुलींना मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. बहुतेक जणी मराठी माध्यमातल्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे या मुलींना विषय नवा नाही. धडा वाचता येतो, 'हॅव-हॅड-हॅड' तोंडपाठ आहे. पण वॉर्डात सिस्टरशी किंवा डॉक्टरांशी बोलायची वेळ आली की नेमक्या याच क्रियापदापाशी अडतात.

त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही, त्यांना सांगितलेला अर्थच अपुरा आहे. शब्दकोशात 'जवळ असणे, बाळगणे' असं दिलेलं असतं. आता 'पेशंटला ताप आहे' हे त्यातून कसं काढायचं? ताप काय कुणी बाळगतं? मग मुली शब्दाला शब्द लावून 'फीव्हर इज टु पेशंट' म्हणतात, कुणी 'पेशंट इज फीव्हर' म्हणते, आणि सगळ्यात जास्त ऐकू येतं ते 'पेशंट इज हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज'.

म्हणून अर्थ सांगणं बाजूला ठेवलं आणि फळ्यावर तीन जोड्या लिहिल्या.

मला दोन भाऊ आहेत. 'आय हॅव टू ब्रदर्स.'
मी औषध दिलं आहे. 'आय हॅव गिव्हन द मेडिसिन.'
मला ड्यूटीवर जायचं आहे. 'आय हॅव टू गो ऑन ड्यूटी.'

पहिलं नात्याचं, दुसरं झालेल्या कामाचं, तिसरं करायच्या कामाचं. तिन्हीकडे मराठीत 'आहे' आणि तिन्हीकडे इंग्रजीत 'हॅव'. हे क्रियापद जी तीन कामं करतं, तीच आपलं 'आहे' करतं. वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलीनं त्यावर पटापट स्वतःची वाक्यं करून दाखवली. मला हा रस्ता बरोबर वाटतो. पण तो कुठे कुठे सोडून देतो, हे जाणकारांनी सांगावं. मुलींना पुढे जाऊन खड्ड्यात पाडायचं नाही.

आंबेमोहोर

ताई, कल्पना फार आवडली. पण 'मला' दिसलं की 'हॅव' असं मुलींनी धरलं तर पंचाईत होईल. मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला राग आला, मला पोहता येतं, मला पुरणपोळी आवडते, या पाचांत एकदाही 'हॅव' येत नाही. 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम कोल्ड', 'आय गॉट अँग्री', 'आय कॅन स्विम', 'आय लाइक'. म्हणजे 'ला' पुरेसा नाही, शेवटी 'आहे' पाहिजे आणि ज्याबद्दल बोलतोय ते नाम पाहिजे.

दुसरी बाजू उलटी आहे. मराठीत आपण मालकीच्या किती तऱ्हा करतो ते बघा. मुलगा 'मला' असतो, गाडी 'माझ्याकडे' असते, सुटे पैसे 'माझ्याजवळ' असतात, खिडक्या 'खोलीला' असतात आणि कला कुणाच्या 'बोटांत' असते. 'मला गाडी आहे' असं आपण म्हणत नाही, कानाला खटकतं. इंग्रजीला हा भेद करायचाच नाही. मुलगा, गाडी, सुटे पैसे, खिडक्या, सगळ्याला एकच 'हॅव'. तेव्हा मुलींना सांगा की ज्याला 'ला', 'कडे', 'जवळ' लागलंय त्याचा प्रत्यय काढून टाका, त्याला वाक्याच्या तोंडाशी बसवा आणि पुढे 'हॅव' किंवा 'हॅज' लावा. 'टु मी' आणि 'नियर मी' आपोआप जाईल. 'नियर मी मनी इज देअर' हे मी शाळेत वर्षानुवर्षं ऐकलंय.

पायवाट

मी इंग्लंडमध्ये लीड्सला वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे हा धागा अगदी जवळचा. तुमच्या तीन जोड्यांत चौथी घालायलाच हवी, कारण रुग्णालयात तीच सगळ्यात जास्त लागते. आपल्याकडे 'आहे' नसून 'झालं', 'आलं', 'पडलं' असतं आणि इंग्रजीत तिथे 'हॅड' येतं.

तिला मुलगा झाला, 'शी हॅड अ बेबी बॉय'. त्याचा अपघात झाला, 'ही हॅड ॲन ॲक्सिडेंट'. त्याला फिट आली, 'ही हॅड अ फिट'. आजोबा बाथरूममध्ये पडले, 'ही हॅड अ फॉल इन द बाथरूम'. वाईट स्वप्न पडलं, 'आय हॅड अ बॅड ड्रीम'. मराठीत प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं असतं. स्वप्न पडतं, फिट येते, भांडण होतं. इंग्रजी या सगळ्यांना 'हॅव' लावून मोकळी होते.

यातलं ऑपरेशन सगळ्यात महत्त्वाचं. 'काल त्यांचं ऑपरेशन झालं' याचं 'ही डिड ॲन ऑपरेशन यस्टरडे' केलंत तर ऐकणाऱ्याला तो माणूस सर्जन वाटेल. ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली त्याच्यासाठी 'ही हॅड ॲन ऑपरेशन'. एक्स-रे, रक्ततपासणी, स्कॅन, सगळ्याला हेच. 'शी हॅड ॲन एक्स-रे धिस मॉर्निंग.'

प्रश्न विचारताना इथे 'हॅव यू गॉट एनी पेन?' ऐकू येतं, अमेरिकन माणूस 'डू यू हॅव एनी पेन?' विचारेल. दोन्ही चालतात. मुलींनी दुसरंच पाठ करावं, कारण 'डू' वापरायची सवय बाकी क्रियापदांमुळे आधीच असते. फक्त 'डझ शी हॅज' होऊ देऊ नका. 'डझ' आलं की 'हॅव'च.

रानमेवा

मी सिंधुदुर्गात डॉक्टर आहे. 'पेशंट इज हॅविंग फीव्हर' हे वाक्य ताईंनी चुकांमध्ये धरलंय म्हणून लिहितोय. आमच्या वॉर्डात रोज हे वाक्य ऐकतो आणि त्याचा अर्थ कधीही कुणाला चुकीचा कळलेला नाही. दिल्लीपासून चेन्नईपर्यंतच्या डॉक्टरांकडून मी ते ऐकलंय. इतके लोक इतकी वर्षं जे बोलतात त्याला चूक म्हणायचं की आपल्याकडची रीत म्हणायची? मुलगी चुकेन या भीतीनं गप्प बसली आणि तापाची नोंद मला उशिरा कळली, तर नुकसान व्याकरणाचं होणार नाही, रुग्णाचं होईल. आधी बोलू द्या. हे मी फार मनापासून सांगतोय.

पायवाट

डॉक्टर, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. गप्प बसण्यापेक्षा काहीही बोललेलं बरं. पण ताईंच्या मुली उद्या परदेशात परीक्षा देतील तेव्हा हा फरक लागेल, म्हणून एकदा नीट मांडते.

'हॅविंग' मुळातच चूक आहे असं नाही. जे आत्ता चालू आहे आणि थोड्या वेळात थांबेल, त्याला इथले लोकही 'हॅविंग' लावतात. 'ही इज हॅविंग अ सीझर' (म्हणजे फिट येतेय), 'शी इज हॅविंग कॉन्ट्रॅक्शन्स', 'ही इज हॅविंग ट्रबल ब्रीदिंग'. असं ऐकलं की आम्ही धावतो, कारण त्याचा अर्थच 'या क्षणी चालू आहे' असा. उलट 'शी इज हॅविंग डायबिटीस' किंवा 'ही इज हॅविंग टू सन्स' कानाला विचित्र लागतं. मधुमेह आणि मुलगे ही स्थिती आहे, ती काही आत्ता घडत नाही. तिथे 'शी हॅज डायबिटीस'. तापालाही 'हॅज'.

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची. 'वी आर हॅविंग टी' अगदी बरोबर, कारण तिथे 'हॅव' म्हणजे पिणं, ती कृती आहे. 'हॅव अ बाथ', 'हॅव अ लुक', 'हॅव अ रेस्ट' त्याच घरातले. मराठीतली खूण सोपी आहे. वाक्य 'तिला चहा आहे' असं होतंय की 'ती चहा घेतेय' असं? 'घेतेय' असेल तर खुशाल 'हॅविंग' म्हणा.

रानमेवा

हे पटलं. 'घेतेय'ची खूण आमच्या सिस्टरांना सांगतो.

शब्दवेडा

गोदाकाठ यांनी जे तीन ओळींत पकडलंय, त्याच्यामागे मोठा इतिहास आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'हॅव' हे जुन्या इंग्रजीत 'हाब्बान' होतं आणि जर्मनमधलं 'हाबेन' त्याचं सख्खं भावंड. लॅटिनमधलं 'हाबेरे' दिसायला तसंच, अर्थही तोच, त्यामुळे कुणालाही ते एकाच कुळातलं वाटेल, पण तसं नाही. लॅटिनमधलं खरं नातेवाईक आहे 'कापेरे', म्हणजे पकडणे, धरणे. 'कॅप्चर' त्यातूनच आलं. म्हणजे 'हॅव'च्या मुळाशी हातात धरण्याचा अर्थ आहे, आणि मालकी ही त्यातून पुढे आलेली गोष्ट.

मग 'आय हॅव गिव्हन' मध्ये ते काय करतंय? जुन्या इंग्रजीत माणूस म्हणे 'माझ्याकडे मासा आहे, पकडलेला'. शब्दांचा क्रमही तसाच, आधी मासा आणि मग पकडलेला. हळूहळू 'पकडलेला' सरकून 'हॅव'ला चिकटला आणि 'आय हॅव कॉट द फिश' झालं. मालकी पुसट झाली, काम पुरं झाल्याचा अर्थ उरला. आपण 'मी चिठ्ठी लिहून ठेवलीय' म्हणतो, त्यात ठेवण्याची क्रिया किती उरलीय? फारशी नाही. लिहिणं पुरं झालंय आणि चिठ्ठी तयार आहे, एवढंच सांगायचं असतं. ती चाल मराठी माणसाला अनोळखी नाही.

गंमत पुढे आहे. जाण्यायेण्याच्या आणि होण्याच्या क्रियापदांना इंग्रजी पूर्वी सहसा 'हॅव' लावत नसे, आपल्यासारखं 'असणे' लावत असे. १६११ च्या बायबलमध्ये 'आय ॲम कम' आहे, म्हणजे 'मी आलो आहे', शब्दाला शब्द मराठी. अणुबॉम्बच्या चाचणीची आठवण सांगताना ओपेनहायमर यांनी १९६५ च्या मुलाखतीत गीतेच्या अकराव्या अध्यायातला 'कालोऽस्मि' हा श्लोक इंग्रजीत म्हटला, त्यातलं 'नाऊ आय ॲम बिकम डेथ' अनेकांना व्याकरणाची चूक वाटते. ती चूक नाही, तो त्याच जुन्या रचनेचा अवशेष आहे. आज 'हॅव'नं ती सगळी जागा घेतलीय. आपल्या 'आलो आहे, दिलं आहे, जेवलो आहे' मध्ये मात्र एकच 'आहे' सगळीकडे आहे. तेव्हा मराठी मुलींना ही तीन घरं वेगवेगळी शिकवायची काहीच गरज नाही, ताईंनी धरलेला धागा पक्का आहे.

केशरदोडा

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. शब्दवेडा म्हणतात ते जर्मनमध्ये अजून जिवंत आहे. 'मी जेवलोय' याला 'इश् हाबे गेगेसन', पण 'मी गेलोय' याला 'इश् बिन गेगांगन', म्हणजे जाण्याला 'असणे'च. आणि आंबेमोहोर यांनी भुकेचं उदाहरण दिलं, तर इथे भूकसुद्धा 'असते', 'इश् हाबे हुंगर'. भीतीही तशीच, 'इश् हाबे आंग्स्ट'. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या आमच्या इथल्या राज्याचा कुशल मनुष्यबळाचा करार २०२४ मध्ये झाला, त्यात नर्सिंगही आहे. यातल्या काही मुली इकडे आल्या तर ताईंच्या तीन जोड्या त्यांना इथेही उपयोगी पडतील.

मांडवी

गोव्यात कोंकणीतही हेच. 'म्हाका दोन भाव आसात'. वाचतेय, छान चाललाय धागा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चौथी जोडी उद्याच फळ्यावर जाणार.

आता माझी खरी अडचण. ड्यूटी बदलताना मुली एकमेकींना पेशंट सोपवतात त्याचा सराव घेतला. एकीनं सांगितलं, 'आय हॅव गिव्हन इंजेक्शन ॲट टेन ओ'क्लॉक. पेशंट हॅज फीव्हर सिन्स थ्री डेज.' माझ्या 'आहे' च्या नियमानं दोन्ही वाक्यं बरोबर येतात! 'मी दहा वाजता इंजेक्शन दिलंय, पेशंटला तीन दिवसांपासून ताप आहे.' आणि दोन्ही इंग्रजीत चुकलेली आहेत. हे कसं समजावू?

पायवाट

मराठी माणसाचं 'हॅव' सगळ्यात जास्त इथेच चुकतं. दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या कारणांनी चुकतात.

पहिल्यात घड्याळ आलंय. मराठीत 'मी काल पाठवलंय', 'मी दहाला दिलंय' अगदी सहज चालतं. इंग्रजीत गेलेली वेळ उच्चारली की 'हॅव'ला जागा नाही. 'आय गेव्ह द इंजेक्शन ॲट टेन.' वेळ सांगायची नसेल तर 'आय हॅव गिव्हन द इंजेक्शन', म्हणजे काम झालंय, पुन्हा देऊ नका. चार्टवर बोट ठेवून शिकवा. वेळेच्या रकान्यातला आकडा तोंडानं म्हणायचा असेल तर 'गेव्ह'. नुसती खूण दाखवून 'झालंय' म्हणायचं असेल तर 'हॅव गिव्हन'. ऑफिसातल्या मेलमध्ये 'आय हॅव सेंट इट यस्टरडे' सर्रास लिहिलं जातं, तिथेही हेच.

दुसऱ्यात ताप मागे सुरू झाला आणि अजून आहे. मराठी त्याला साध्या 'आहे' वर भागवते, कारण आज आहे ना! इंग्रजीला सुरुवातही दाखवायची असते, म्हणून 'हॅज'च्या पुढे आणखी एक 'हॅड'. 'ही हॅज हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज.' हे दोनदा येणं मुलींना विचित्र वाटेल. त्यांना सांगा की पहिला 'हॅज' हा मदतीचा, 'दिलं आहे' मधल्या 'आहे'सारखा, आणि दुसरा 'हॅड' हा तापाचा.

आंबेमोहोर

आणि 'सिन्स'चं? आपल्याला एकच 'पासून'. सोमवारपासून आणि तीन दिवसांपासून. इंग्रजीत सोमवार हा सुरुवातीचा ठिपका म्हणून 'सिन्स मंडे', आणि तीन दिवस ही लांबी म्हणून 'फॉर थ्री डेज'. मी मुलांना विचारायचो, 'कॅलेंडरवर यावर एक बोट ठेवता येतं का?' सोमवारवर येतं, तीन दिवसांवर तीन बोटं लागतात. एक बोट तर 'सिन्स'.

'हॅड हॅड'ही याच वेळी उरकून घ्या, नाहीतर पुढे भीती बसते. 'आमच्याकडे येण्याआधी तिची दोन ऑपरेशनं झाली होती.' 'शी हॅड हॅड टू ऑपरेशन्स बिफोर शी केम टु अस.' 'झाली' हा एक हॅड, 'होती' हा दुसरा. मराठीतही दोन शब्द, तिकडेही दोन.

शब्दवेडा

जाण्याचं एक राहिलं. 'तो मुंबईला गेलाय' म्हणजे अजून तिकडेच आहे, 'ही हॅज गॉन टु मुंबई'. 'तो मुंबईला जाऊन आलाय' म्हणजे परतलाय, 'ही हॅज बीन टु मुंबई'. हिंदीत 'गया है' आणि 'होकर आया है' आहे, आपलं 'जाऊन आलाय' तर जवळजवळ हातात दिलेलं उत्तर. पेशंट एक्स-रेला गेलाय की एक्स-रेला जाऊन आलाय, हे वॉर्डात लागणारच.

रानमेवा

'हॅव टू' बद्दल डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. मराठीत 'मला जायचं आहे' यात इच्छाही असते आणि सक्तीही. इंग्रजीत इच्छेला 'वाँट टू' आणि 'हॅव टू' म्हणजे 'जावंच लागणार'. पेशंटनं 'मला घरी जायचं आहे' म्हटलं आणि सिस्टरनं 'ही हॅज टु गो होम' असं मला कळवलं, तर मी घरी काही अडचण आलीय असं समजेन. त्याला फक्त घरची ओढ लागलेली असते.

नकाराचं तर जिवाशी येऊ शकतं. 'यू डोन्ट हॅव टु ईट' म्हणजे खायलाच हवं असं नाही, खाल्लं तरी चालेल. 'यू मस्टन्ट ईट' म्हणजे तोंडात काही घालायचं नाही. आपल्या 'खायचं नाही' वरून मुली पहिलं वाक्य करतात. भूल देण्याआधी उपाशी ठेवायच्या पेशंटला पहिलं सांगितलं आणि त्यानं चहा-बिस्किट खाल्लं, तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा आणि रोज म्हणून घ्या.

पायवाट

ऐकण्याचाही सराव घ्या ताई. पुस्तकातला 'हॅव' बोलण्यात सापडत नाही. 'आय हॅव गिव्हन' चं 'आयव्ह गिव्हन' होतं, 'हॅव टू' चा उच्चार 'हॅफ्टू' आणि 'हॅज टू' चा 'हॅस्टू'. 'शुड हॅव' तर 'शुडव्ह' असं इतकं घसरतं की इथलीच मुलं ते 'शुड ऑफ' सारखं लिहितात. आणि 'शीज' ऐकलं तर तो 'शी इज' की 'शी हॅज' हे पुढच्या शब्दावरून ठरवायचं. 'शीज टायर्ड' म्हणजे ती थकलीय, 'शीज ईटन' म्हणजे ती जेवलीय. नव्यानं आलेल्या नर्सना पहिले काही आठवडे हेच जड जातं.

गोदाकाठ

हे सगळं उतरवून घेतलंय. 'मस्टन्ट'चं वाक्य तर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावणार.

एका मुलीनं काल विचारलं, 'यू हॅड बेटर टेक रेस्ट' हे पेशंटला म्हटलं तर चालेल का? तिला ते 'तुम्ही आराम केलात तर बरं' असं नम्र वाटलं.

पायवाट

नाही, पेशंटला नको. शब्द मऊ दिसतात, पण 'हॅड बेटर' मध्ये 'नाहीतर बघा' असा धाक असतो. आई मुलाला म्हणेल, वरिष्ठ कनिष्ठाला म्हणतील. शिवाय तिथे 'हॅड' असूनही भूतकाळ नाही, बोलणं आत्ताचंच असतं. पेशंटला 'यू शुड गेट सम रेस्ट' म्हणायचं, किंवा त्याहून बरं, 'व्हाय डोन्ट यू हॅव अ रेस्ट?'